सत्तावीस अक्षरांची सायकल

९ मार्च, गुरुवार

पुन्हा मेलं! एकोणीस तास चाललं, आणि सकाळी येऊन बघते तर पडद्यावर एकच शब्द — ‘संपवलं’. कोणी संपवलं? यंत्रानं स्वतःच. मेमरी भरली की ते आपल्याच पोटातल्या प्रोग्रामचा गळा दाबतं. चौसष्ट जीबी! तुन्खा विद्यापीठाच्या या प्रयोगशाळेत याहून मोठं यंत्र नाही. सगळे त्याला खेचर म्हणतात. ओझं वाहतं, पण मनात आलं की भर रस्त्यात बसकण मारतं.

आणि मी मागतेय काय त्याच्याकडे? एक सूत्र. उतारावरून जाणाऱ्या सायकलीचं हँडल किती वेगाला आपोआप थरथरायला लागतं — बस. चाकाचा व्यास, चिमट्याचा तिरपेपणा, फ्रेम किती पिळली जाते, स्वाराचं वजन... सत्तावीस गोष्टी, सत्तावीस अक्षरं. आकडा एकही नाही. उत्तर अक्षरांतच हवं, म्हणजे ते कुठल्याही फ्रेमला लागू पडेल.

कुठल्याही! कोणाला सांगतेय मी हे? ही वही तर माझीच आहे.

११ मार्च, शनिवार

दुइतामाला घरी. बसमधून उतरले तर बाबा स्टँडवर उभे, रुआनाची लोकरी घोंगडी पांघरून. “सुमर्से जेवलात का?” पाळण्यातून उचलून घेतलं तेव्हापासून मला ‘तू’ नाही, इकडचं मानाचं ‘सुमर्से’च म्हणतात, जशी काही मी परदेशाची राजदूत.

कारखाना बंदच आहे. नोव्हेंबरपासून. माझा भाऊ ओव्हिडिओ ‘ला रुसिया’च्या उतारावर सायकलीवरून पडला त्या आठवड्यात बाबांनी वेल्डिंगच्या गॅसची नळी गुंडाळून खिळ्याला टांगली, ती तशीच आहे. तीस वर्षं सायकलीच्या फ्रेमा जोडणारा माणूस आता अंगणातल्या कोथिंबिरीला पाणी घालतो. दिवसातून तीनदा! कोथिंबीर सडली.

आज आत गेले होते. भिंतीवर पेन्सिलीनं लिहिलेली नावं अजून आहेत — नाव, उंची, पायाची लांबी, हाताची लांबी. गेल्या दोन वर्षांतली बारा. पहिलं ओव्हिडिओचं. बाकी अकरा. महामारीत नेहमीची नळी मिळेना म्हणून बाबांनी पातळ नळी आणली होती, तिच्यातून ही बारा. शर्यतीत उतरणाऱ्या त्या अकरा पोरी केवढ्या खूश होत्या! “डॉन एलिसेओ, ही तर उडते!” बाबांना म्हणायच्या. त्या अकरा जणी आजही त्याच फ्रेमांवर आहेत.

ओव्हिडिओ म्हणतो कुत्रं आडवं आलं. बाबा काहीच म्हणत नाहीत. मी म्हणते सूत्र येऊ दे. मग कळेल की फ्रेमनं पाडलं की कुत्र्यानं.

१५ मार्च, बुधवार

आजचा पराक्रम. पुढचं चाक जमिनीला टेकलेलं असायलाच हवं, नाही का? हँडल वळवलं की सायकलीचं नाक जरासं खाली बसतं. किती बसतं? लहान मूलही विचारेल असा प्रश्न. मी त्याचं उत्तर अक्षरांत मागितलं. खेचरानं चार उत्तरं दिली — चतुर्घात समीकरण निघालं आतून! प्रत्येक उत्तर छपन्न पानांचं. आणि मी शहाणी ते छपन्न पानी बोचकं उचलून पुढच्या समीकरणात घातलं. तिथे ते आठ ठिकाणी येतं. मग त्याचा वर्ग. मग वर्गाचा भागाकार.

लेखनच चाललंय त्याचं. सोडवत काहीच नाही. बायकांनी भांडताना जुनं काढत जावं तसं एकातून एक निघतंय.

२३ मार्च, गुरुवार

हेइनर — शेजारच्या टेबलावर बसतो, पवनचक्कीच्या पात्यांवर काम करतो, दुसऱ्यांच्या पावाचे कोपरे खातो — दारातूनच ओरडला, “काय मग, एदिल्मा, सुमर्सेचं खेचर व्यालं का?”

“खेचर वीत नाही रे.”

“तेच तर मी महिनाभर सांगतोय!”

सगळे हसले. मीही हसले. मग बाथरूममध्ये जाऊन थोडी रडले. का ते कळलं नाही. विनोद चांगला होता.

२४ मार्च

‘सोपं कर’ अशी आज्ञा दिलीय. चालू.

२५ मार्च

चालू.

२६ मार्च

दोन दिवसांनी उत्तर आलं. आधीपेक्षा लांब! ‘सोपं कर’ म्हटल्यावर! माझं डोकंच चालेना. फोरमवर विचारलं, तर जगाच्या कुठल्याशा टोकावरून एका भल्या माणसानं लिहिलं — सोपं म्हणजे काय हे त्यालाही ठाऊक नसतं, ते चाचपडत बघतं. त्याला आकडे द्या. सगळे एकच सांगतात. आकडे द्या, आकडे द्या. मला माहीत नाही का?

५ एप्रिल, बुधवार. पवित्र आठवडा

घरी. आईनं कार्मेनच्या मातेच्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावलीय, ती वाहनांची रक्षणकर्ती. “तुझ्या डब्याला महिनेच्या महिने लागतात. हिला विचार, लगेच सांगेल.” मी म्हटलं, विचारलं की. ती पण गप्पच आहे. आईनं चमचा उगारला.

बाबा जेवताना एकदाच बोलले. “सुमर्सेच्या त्या गणितात नळीची जाडी येते का?”

“येते बाबा. एक अक्षर आहे तिचं.”

“अक्षर,” म्हणाले. किडकी वांगी खावीत तसं तोंड केलं. मग सूप संपवलं.

जाडी येते का! म्हणजे त्यांना संशय आहे? की मला आहे हे त्यांना कळलंय? की नुसतंच लेकीच्या कामाबद्दल विचारलं? एक धड कळत नाही या घरात. विचारावं म्हटलं तर तोंड उघडत नाही माझं. सहा तासांची तोंडी परीक्षा देऊन आलेली बाई मी.

११ एप्रिल, मंगळवार

उत्तर आलं!!

दुपारी चार वाजता. हेइनरला मिठी मारली. त्याच्या हातातली कॉफी सांडली.

त्याच दिवशी, नंतर

उत्तर नव्हतं. तपासायला म्हणून पुस्तकातल्या सायकलीचे आकडे त्यात घातले — कोणाच्याही नाहीत ते, छापील आकडे — तर म्हणे ‘ही संख्या नाही’. संख्या नाही म्हणजे काय? तीन तास उकरत बसले. सापडलं. मधल्या एका पायरीवर खेचरानं एका भल्यामोठ्या राशीनं भागलं होतं. चारशे बारा पानांची राशी. आणि ती राशी, सगळं एकमेकांत कटून गेल्यावर — शून्य! आहेच शून्य. पण अक्षरांच्या गर्दीत ते त्याला ओळखू आलं नाही. मोठी दिसली म्हणून भागलं.

चारशे बारा पानांचं शून्य. मी ते छापलं असतं तर बाइंडरनं कापडी पुठ्ठा घातला असता.

हसू की रडू. काहीच झालं नाही, बसून राहिले.

१८ एप्रिल, मंगळवार

रविवारचं लिहायचं राहिलं. लिहायचं नव्हतंच, पण लिहिते.

ओव्हिडिओला व्यायामासाठी अंगणात चालवत होते. डावा पाय तीन सेंटिमीटर आखूड झालाय, कुबडी घेऊन बदकासारखा चालतो आणि स्वतःच ‘क्वॅक’ म्हणतो. मी सहज विचारलं, “कुत्रं कुठल्या रंगाचं होतं रे?” खरंच सहज.

तो थांबला. “काळं.”

“आईला तू तपकिरी सांगितलंस.”

“अगं, कुत्रं नव्हतंच,” तो म्हणाला. अगदी हळू, स्वयंपाकघराकडे बघत. “हँडल हलायला लागलं. आपोआप. मी काही केलं नाही. धरलं तर जास्त हलायला लागलं. जसं कोणी खालून धरून हलवतंय. बाबांना सांगशील तर बघ. म्हातारा मरेल.”

“आणि त्या अकरा जणी?”

“त्या कुठे पडल्यात? मीच वजनदार असेन. तुझं गणित काय म्हणतं?”

माझं गणित काही म्हणत नाही. गणित चालू आहे म्हटलं. त्याला बरं वाटलं. मलाही बरं वाटलं, हे लिहायला नको, पण वाटलं. गणित चालू आहे तोवर कोणाला काही सांगायला नको. पुरावा नसताना एखाद्याच्या तीस वर्षांच्या नावावर बोट कसं ठेवायचं? चोर सोडून संन्याशाला फाशी झाली तर? बरोबरच आहे माझं. नाही का?

२५ एप्रिल, मंगळवार

चापारोबाईंनी बोलावलं. माझ्या मार्गदर्शक. टेबलावर माझा अहवाल, त्यावर अर्धी खाल्लेली आरेपा, मक्याची भाकरी, तुपाचा डाग बरोबर समीकरणावर.

“किती ओळी झाल्या?”

“चार लाख ऐंशी हजार पदं. पण बाई, एक युक्ती सुचलीय—”

“सुमर्से, बसा.” बसले. “अक्षरांत मांडायचं, आकड्यांत सोडवायचं. हे मी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवते. समीकरणं तयार आहेत तुमची, मार्चपासून तयार आहेत. आणि सुंदर आहेत. ती तशीच ठेवा, सोडवू नका. सायकलीचं नाक किती बसतं तो कोनही सोडवू नका, तसाच असू दे. फ्रेम मोजा, आकडे घाला, मग यंत्राला सोडवू दे. संध्याकाळचं काम आहे.”

“पण मला सर्वसाधारण सूत्र हवंय.”

“कोणाची फ्रेम आहे?”

“सर्वसाधारण.”

“सर्वसाधारण फ्रेम मी आजवर पाहिली नाही,” म्हणाल्या. “आरेपा घेता का अर्धी?”

घेतली. खाताना माझे कान तापले होते. या बाईला काय माहीत आहे? काही नाही. हिनं नुसतं समीकरण वाचलंय.

२७ एप्रिल

बाईंचं बरोबर आहे. घरी जाऊन फ्रेम मोजायची. एक न रंगवलेली अजून टांगलेली आहे, तेरावी, त्याच नळीची. शनिवारी जाते.

२९ एप्रिल, शनिवार

गेले नाही. कपडे धुतले.

४ मे, गुरुवार

शेवटचा एक प्रयत्न. खरंच शेवटचा. पुनःपुन्हा येणाऱ्या तुकड्यांना एकेक टोपणनाव देऊन बाजूला ठेवायचं, म्हणजे रास फुगणार नाही. बाईंना सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची असते, तशी माझी अक्षरं. मूठ उघडली की आत काय आहे ते दिसणार. भित्री आहे मी. लिहून टाकलं एकदाचं.

पण युक्तीही चांगली आहे! तसं नाही की नुसती भित्री आहे.

९ मे, मंगळवार

खेचर सुरू केलं. सकाळी नऊ.

११ मे, गुरुवार

तिसरा दिवस. मेमरी फक्त अठ्ठेचाळीस जीबी! हेइनर म्हणतो मी जेवताना गुणगुणत होते. असेन.

१३ मे, शनिवार

‘संपवलं.’

१७ मे, बुधवार

घरी आले, मधल्या वारी, न कळवता. कारखान्याची किल्ली मागितली. बाबांनी कशाला विचारलं नाही, स्वतःच पुढे झाले.

तेरावी फ्रेम खाली काढली. मागचं टोक व्हाइसमध्ये आवळायचं, पुढच्या नळीतून आडवी कांब घालायची, कांबेच्या टोकाला वजन लटकवायचं आणि फ्रेम किती पिळली जाते ते डायलवर वाचायचं. वजन म्हणून पंचवीस किलो बटाट्याचं पोतं. आईचं. तिनं बाहेरून बजावलं, “सांडलेत तर तुम्हालाच सोलायला लावीन!”

डायल मला नीट धरता येईना. बाबांनी माझ्या हातातून घेतली. अंगठ्यानं टेकवली, श्वास रोखला. त्यांचे ते भाजल्याच्या डागांचे हात, दगडासारखे स्थिर. आकडा तेच वाचायचे, मी लिहायची. सहा वेळा.

मग स्वतःहून म्हणाले, “आता ती जुनी घ्या.” माडीवर जाड नळीची एक पडलेली आहे, माझ्या लहानपणीची. तीही बांधली. तेच पोतं. काटा निम्म्याहूनही कमी हलला.

बाबांनी डायल पुसून डबीत ठेवली. डबी बंद केली, पुन्हा उघडली, पुन्हा बंद केली. मला म्हणावंसं वाटलं, बाबा, अजून काही सिद्ध झालेलं नाही. म्हटलंही. ते म्हणाले, “बटाटे आत नेऊ या.”

१८ मे, गुरुवार

चार सेकंद.

पुन्हा चालवलं, चूक असेल म्हणून. चार सेकंद. पुस्तकातल्या सायकलीवर तपासलं, दशांशाच्या बाराव्या घरापर्यंत जुळलं.

बाबांची पातळ फ्रेम: ताशी चौसष्ट किलोमीटरला हँडलची थरथर सुरू होते आणि वाढतच जाते. ब्याण्णवच्या पुढे आपोआप शमते, पण तिथवर कोण उभं राहणार. जुनी फ्रेम: शंभराच्या वरही काही नाही. ओव्हिडिओच्या सायकलीवरच्या मीटरमध्ये पडतानाचा वेग नोंदलेला होता — एकाहत्तर.

तीन महिने मी ज्याच्या दारात बसले होते ते चार सेकंदांत झालं. आनंद व्हायला हवा होता का? बाईंनी पाठीवर थाप मारली, म्हणाल्या, प्रबंध झाला. काय झालं मलाच समजेना. डोक्यात नुसती माशी घोंघावत होती.

१९ मे, शुक्रवार

सांगितलं. अंगणात, कोथिंबिरीपाशी. चौसष्ट म्हटलं, आणि पुढचं बोलायच्या आत ते म्हणाले, “पोरी सत्तरनं उतरतात.”

“हो बाबा.”

“किती दिवस लागले हे काढायला?”

“चार सेकंद,” म्हणाले मी. खोटं नाही ते.

त्यांनी मान डोलावली, जसं काही यंत्राचं कौतुक वाटलं. ओव्हिडिओ कुबडी टेकत बाहेर आला आणि रडायलाच लागला, एवढा सत्तावीस वर्षांचा घोडा. “मी कुत्रं सांगितलं, बाबा. कुत्रं नव्हतं.” बाबा म्हणाले, “माहीत आहे. त्या वळणावर घरच नाही एक, कुत्रं कुठून येणार?”

म्हणजे! म्हणजे इतके महिने आम्ही तिघं एकमेकांना वाचवत बसलो होतो. आईनं आम्हा तिघांनाही गाढवं म्हटलं आणि टेलिफोन आणून बाबांच्या मांडीवर आपटला. “भिंतीवरची नावं वाच, ओव्हिडिओ. एकेक.”

दहा जणींनी फोन उचलला. उद्यापासून त्या सायकलींवर कोणी बसणार नाही. अकरावी, सोआता गावची योलिमा, उचलत नाही. दर तासाला केला. आईनं निरोप ठेवला.

२० मे, शनिवार

काकाची पिकअप मागून आणली. आज पाच फ्रेमा परत. पाईपा गावची ती बडबडी ओरिआना देईचना. “डॉन एलिसेओ, माझी नाही हो हलत! तुमच्या पोरीचं गणितच हलत असेल.” बाबांनी तिला सांगितलं की बदल्यात जाड नळीची करून देतो, दोनशे ग्रॅम जड होईल. “दोनशे ग्रॅम!” तिनं असा आवाज काढला की शेजारी बाहेर आले. मग दिली. देताना फ्रेमच्या नळीवरून एकदा हात फिरवला.

गाडीत बाबा खुशीत होते. खरंच! सहा महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी माझ्याशी नळ्यांबद्दल बोलायला सुरुवात केली ती थांबेचनात. म्हणाले, सुमर्सेमुळे वेळेवर कळलं.

मी खिडकीतून बाहेर बघत होते.

२१ मे, रविवार. सोआता

बसनं पाच तास. योलिमा गेल्या गुरुवारच्या आधीच्या गुरुवारी, अकरा तारखेला, चिकामोचाच्या उतारावर पडली. जबडा आणि खुबा मोडला. जगेल. पुन्हा सायकलीवर बसणं नाही.

बाबांनी दारातच टोपी काढली. “चूक माझी. नळी मी निवडली.” तिच्या आईनं आम्हाला आत घेतलं, कॉफी दिली. आम्ही पिऊ लागल्यावर विचारलं, “हे आधी माहीत होतं का कुणाला?”

“नाही,” बाबा म्हणाले. त्यांना खरंच तसं वाटतं.

मग तिनं माझ्याकडे बघितलं. मीही मान हलवली — नाही.